गिरणीचा घास

माझ्या गिरणीच्या मोटारीला डोळे नाहीत. हे आधीच सांगते, कारण या सगळ्या प्रकरणात मी सगळ्यांत मोठ्याने भांडले ते याच मुद्द्यावर, आणि तोंडघशी पडले तीही मीच.

मी महानंदा कोरे. बार्शीत आमची पिठाची गिरणी आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली. मालक गेले त्याला सतरा वर्षं झाली, तेव्हापासून मीच चालवते. गल्लीत मला नंदाकाकू म्हणतात. मी तोंडाने फटकळ आहे हे मला मान्य आहे, आणि माझ्यासारखं दळण कुणी देत नाही हे गल्लीला मान्य आहे. त्यामुळे आमचं जमतं.

२०४१ साली जास्त वीज खाणाऱ्या जुन्या मोटारी काढायचा नियम आला आणि सोलापूरहून जुनेद मुलाणी नवी मोटर घेऊन हजर झाला. पन्नाशीला टेकलेला माणूस, बोलायला मवाळ. वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे हा लहानपणापासून तांब्याच्या तारेतच वाढलेला. त्याने खोक्यातून मोटर काढली तेव्हा मला हसूच आलं. आमची जुनी मोटर म्हणजे रांजण होता रांजण, आणि ही जेमतेम कळशीएवढी.

"अरे, ही दगड फिरवणार? हिला आधी जेवायला तरी घाल."

"फिरवेल, काकू. हिच्या पोटात चुंबक आहे. तारेच्या वेढ्यांत वीज अशी सोडायची की चुंबक तिच्या मागे मागे ओढला जातो. फक्त या क्षणाला चुंबकाचं तोंड कुठे आहे, ते कळलं पाहिजे. नाहीतर ओढायचं एकीकडे आणि तो बघतोय भलतीकडे."

"मग ते कसं कळतं?"

"इतर ठिकाणी आसावर सेन्सर बसवतात. गिरणीत तो तीन महिने टिकत नाही. आत पीठ जातं, दमट हवेत त्याचा लगदा होतो, सेन्सर खलास. म्हणून हिला सेन्सरच नाही. हिची हीच ओळखते."

"डोळे मिटून?"

तो हसला. म्हणाला, "काकू, तुम्ही पाळणा हलवलाय ना? दोरी हातात असली की डोळे मिटले तरी पाळणा कुठे आहे ते कळतं. दोरीची ओढ सांगते. तसंच हे. चुंबक फिरला की तारेत विजेचा उलटा दाब तयार होतो. आपण दाब किती दिला ते कंट्रोलरला माहीत, करंट किती गेला तेही माहीत. त्यातून तो उलटा दाब काढायचा. चुंबक कुठे आहे आणि किती वेगाने फिरतोय, दोन्ही कळतं. सेकंदाला दहा हजार वेळा."

मी काही अगदीच बावळट नाही. विचारलं, "आणि पाळणा थांबलेला असला तर? दोरीला ओढच नसते."

जुनेदने माझ्याकडे जरा आदराने बघितलं. "तेच तर अवघड आहे. थांबलेली मोटर आंधळीच. मग ती चाचपडते. सुरू होण्याआधी डासासारखा बारीक आवाज येईल बघा. तेव्हा कंट्रोलर तारांतून अगदी बारीक, झरझर बदलणारा करंट सोडून बघतो. चुंबकाच्या दिशेला आणि आडव्या दिशेला लोखंड वेगवेगळं वागतं, त्यावरून चुंबक कुठल्या रेषेत आहे ते कळतं. पण रेषेचं कुठलं टोक उत्तर आणि कुठलं दक्षिण, ते नाही कळत. त्यासाठी एकदा इकडून, एकदा तिकडून जरा मोठा धक्का देऊन बघतो. यात चूक झाली तर मोटर सुरू होताना उलटा हिसका देते. मग सावरते."

मोटर चांगली निघाली. गुणाची म्हणा. वीज निम्मी लागायला लागली, दगड गरम होईना, पीठ गार पडायला लागलं. दोन वर्षं मी तिला नावं ठेवायला जागा शोधत होते. मग कंपनीने नवीन प्रोग्रॅम पाठवला आणि ती जागा मला आयतीच मिळाली.

झालं असं की, कंट्रोलरला दगडाचा प्रत्येक आचका कळतो. मोटारीचं स्वतःचं घर्षण वगैरे वजा केलं की उरतो तो फक्त दाण्यांचा विरोध. आणि प्रत्येक दाणा आपापल्या परीने भरडला जातो. ज्वारी टचकन फुटते, गहू आधी दबतो आणि मग फाटतो, बाजरी तेलकट, ती सरकते. कंपनीने हजारो गिरण्यांमधून हे शिकून घेतलं, आणि माझ्या भिंतीवरच्या स्क्रीनवर दळणाचं नाव उमटायला लागलं. ज्वारी शंभर टक्के. गहू अमुक, सोयाबीन तमुक.

पहिल्याच आठवड्यात माळवेवहिनींचा डबा आला. चार बायका रांगेत, आणि स्क्रीनवर ठळक अक्षरांत, ज्वारी सत्तर, तांदूळ तीस. घरात तंगी असली की बाई ज्वारीत रेशनचा तांदूळ घालते, यात लपवण्यासारखं काही नाही, पण चव्हाट्यावर मांडण्यासारखंही काही नाही. वहिनींचं तोंड एवढंसं झालं. कुणाच्या घरात काय शिजतं ते गिरणीवालीला कळतं, आणि तिने ते पोटात ठेवायचं असतं. मी मालकांचा जुना टॉवेल आणला आणि स्क्रीनवर टाकला. तो तिथे कायमचाच राहिला.

आता इंदूचं सांगते.

इंदुमती बारंगुळे आणि मी पाचवीपासून एका बाकावर. लग्नंही दोघींची बार्शीतच झाली, घरं दोन गल्ल्या सोडून. तिच्या नवऱ्याच्या आजारपणात मी तिच्याकडे झोपायला जायचे, माझ्या मालकांच्या वेळी ती माझ्याकडे आली. तिची नात शर्वी, नऊ वर्षांची, म्हणजे इंदूचा जीव की प्राण. या शर्वीला सातव्या वर्षी सिलिअ‍ॅक निघाला. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उठतं. औषध नाही, आयुष्यभर गहू बंद, कणभरसुद्धा नाही.

तिची आई मैथिली, इंदूची सून, शाळेत विज्ञान शिकवते. शिस्तीची पोरगी. तिने घरातून गहूच हद्दपार केला. पोळी नाही, बिस्कीट नाही, शेवया नाहीत. पोळपाट-लाटणंसुद्धा नवीन आणलं. पहिल्याच महिन्यात शर्वी पोळीसाठी रडली आणि इंदूने शेजारून आणून अर्धी पोळी तूप-गूळ लावून तिला भरवली. चुकलं तिचं. तिने त्याच दिवशी कबूल केलं, मैथिलीच्या पाया पडायचीच बाकी राहिली होती. त्यानंतर तिने गव्हाकडे बघितलं नाही.

पण शर्वी काही सुधारेना. पोट फुगायचं, वजन वाढेना, रक्तातला आकडा खाली येईना. डॉक्टर दर तीन महिन्यांनी तेच सांगायचे, कुठून तरी गहू जातोय. मैथिली वही घेऊन एकेक गोष्ट तपासत सुटली. माझ्याकडेही आली.

"मावशी, शर्वीच्या ज्वारीआधी दगडावर कुणाचं गव्हाचं दळण असतं का?"

"अजिबात नाही. गुरुवारी सकाळी पहिला नंबर तुमचाच. आदल्या दिवशी दगड उचलून ब्रशने साफ करते. तिच्याआधी कुणाचं दळण टाकत नाही, बघ. शपथ घेऊ?"

ती म्हणाली, शपथ नको, आणि वहीत बरोबरची खूण केली. असं करता करता वहीत एकच नाव उरलं. आजी चोरून देते. हेमंत, म्हणजे इंदूचा मुलगा, मध्ये सँडविच झालेला. इंदू रडून सांगायची मी नाही दिलं, मैथिली रडून विचारायची मग जातंय कुठून? शेवटी मैथिलीने पुण्याला बदली मागून घेतली. रविवारी सामानाचा टेम्पो यायचा होता. सुट्टीतसुद्धा शर्वीला आजीकडे एकटीला ठेवायचं नाही, असं ठरलं.

आणि मी काय केलं? मी इंदूला माझ्या घरी बोलावलं, चहा दिला आणि म्हटलं, "इंदे, माझ्याशी तरी खरं बोल. देतेस ना तू?" तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. चहा तसाच ठेवून निघून गेली. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गेली.

त्याच सुमारास मोटर सकाळी सुरू होताना उलटा हिसका द्यायला लागली. मी जुनेदला फोन केला, तो शुक्रवारी सकाळी आला. स्क्रीनवरचा टॉवेल काढून त्याने घडी करून माझ्या हातात दिला, टॅब जोडला आणि कंट्रोलरमधली जुनी नोंद चाळत बसला. वर्षभराची सगळी नोंद त्यात राहते, हे मला तेव्हा कळलं.

"काकू, सकाळी सुरू करताना दगडात काय असतं?"

"काय असणार? हवा."

"नाही. दाणे असतात. दाणे दाबलेले असले की सुरू होतानाच जोर लागतो, करंट वाढतो, आणि जास्त करंटमध्ये लोखंडाचं वागणं बदलतं. मग मोटारीचं चाचपणं चुकतं. ती उत्तरेला दक्षिण समजते. बेअरिंग जुनं झालंय, त्यामुळे आताशा हिसका जाणवतोय, पण दाणे तर वर्षभर दिसतायत. रोज सकाळी. पहिली चाळीस सेकंदं गहू आहे."

"गुरुवारी तरी नसणार," मी म्हटलं. "गुरुवारी पहिली ज्वारी असते."

"गुरुवारीपण आहे. कालचा बघा. चाळीस सेकंद गहू, मग अडीच मिनिटं गहू आणि ज्वारी दोन्ही, मग नुसती ज्वारी. मागच्या गुरुवारीपण तेच. त्याच्या मागच्यापण."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "जुनेद, तुझ्या मोटारीला डोळे नाहीत. मला दोन आहेत, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आहेत. चाळीस वर्षं या दगडांशी संसार केलाय मी. मला शिकवू नकोस."

"डोळे नाहीत, खरंय," तो शांतपणे म्हणाला. "पण दाणा तिच्या दाताखाली येतो ना, काकू."

"थांब. रोज सकाळी मी काय करते ते करूनच दाखवते. मग बोल."

मी तरातरा उठले. दिवा लावल्यासारखं केलं, गिरणीला हात जोडले, आणि माझा उजवा हात आपसूक खालच्या डब्यात गेला. मूठ भरून वर आला. जुनेद माझ्या मुठीकडे बघत होता. मीही बघितलं. मुठीत गहू होता.

गिरणीचा घास. सासरे सांगायचे, जात्याला उपाशी फिरवू नये. रोज सकाळी पहिली मूठ गव्हाची, गिरणीच्या तोंडात. मग बटण. जे पहिलं चिमूटभर पीठ येईल ते मुंग्यांना. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी हे करत आले. हात जोडले की हात डब्यात जाणारच, श्वास घेतल्यासारखं. मैथिलीने मला विचारलं होतं की आधी कुणाचं दळण असतं का, आणि मी शपथ घ्यायला निघाले होते. घासाला दळण म्हणतात हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. ज्या पोरीला स्वच्छ पीठ मिळावं म्हणून मी पहिला नंबर दिला, तिच्या पिठात दर आठवड्याला मीच माझ्या हाताने गहू घालत होते. दोन वर्षं.

"यापुढे रिकामीच सुरू करा," जुनेद म्हणाला. "हिसका बंद होईल." त्याला शर्वीचं काही माहीत नव्हतं. त्याने बेअरिंग बदललं, सामान आवरलं. मी त्याच्याकडून गुरुवारच्या सगळ्या नोंदी मोबाइलवर घेतल्या. कशाला हव्यात, त्याने विचारलं नाही.

तो गेल्यावर मी गिरणी बंद ठेवून आत बसून राहिले. खोटं कशाला बोलू, पहिला विचार गप्प बसण्याचाच आला. घास बंद केला की संपलं. रविवारी ती मंडळी पुण्याला जातील, तिथे पाकिटातलं तपासलेलं पीठ आणतील, तीन-चार महिन्यांत शर्वीच्या अंगाला मांस धरेल. आणि सगळे म्हणतील, बघा, आजीपासून तोडली आणि पोरगी सुधारली. माझं नाव कुठेच येणार नाही. माझ्या गप्प बसण्याने इंदू जन्मभरासाठी गुन्हेगार ठरली असती, आणि पुरावा म्हणून शर्वीची तब्येतच उभी राहिली असती.

भीती वाटत होती. सासऱ्यांच्या गिरणीचं नाव जाईल, लोक काय म्हणतील, मैथिली तोंडावर थुंकेल. पण इंदूचं ते चहा सोडून उठणं डोळ्यांसमोरून हलेना. मी चपला घातल्या.

बारंगुळ्यांच्या घरात खोकी पसरली होती. शर्वी शाळेत गेलेली. मैथिली रजा टाकून वर्तमानपत्रात भांडी गुंडाळत होती, इंदू कॉटवर बसून शर्वीच्या फ्रॉकच्या घड्या घालत होती. माझ्याकडे तिने मान वर करून बघितलं नाही.

"मैथिली, मला जरा बोलायचंय. इंदूबद्दल."

"मावशी, आता त्याचं काही राहिलं नाही हो," मैथिली थकलेल्या आवाजात म्हणाली. "आईंनी परवा कबूल केलं. त्याच देत होत्या. माझा राग पण गेला आता. कळलं एकदाचं, एवढंच."

मला ऐकूच नीट आलं नाही असं वाटलं. "काय कबूल केलं?"

इंदू घडी घालत राहिली.

मग मी सगळं सांगून टाकलं. उभ्यानेच. घास, मूठ, चाळीस सेकंद, अडीच मिनिटं. मोबाइल मैथिलीच्या हातात दिला. विज्ञानाची शिक्षिका ती, तिला आलेख वाचायला मी कशाला लागते? ती एकेक गुरुवार बघत गेली. हातातलं पातेलं तिने खाली ठेवलं आणि खोक्यावरच बसली.

"मी तुम्हाला विचारलं होतं, मावशी."

"विचारलं होतंस. तू दळण म्हणालीस आणि मला घास आठवला नाही. माझ्या हातून तुझ्या पोरीला विष गेलं गं. तू काय म्हणशील ते मी ऐकून घेईन."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती इंदूकडे वळली. "आई, मग तुम्ही कबूल का केलंत? आम्ही जाऊ नये म्हणून?"

इंदूने हातातला फ्रॉक मांडीवर ठेवला.

"मला वाटलं, मीच देत असेन," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही सगळे इतकं ठाम सांगत होता. तू, हेमंत. नंदासुद्धा म्हणाली. आणि मी हल्ली विसरते. दूध उतू घालते, परवा चष्मा फ्रीजमध्ये ठेवला. म्हटलं, देत असेन मी, आणि विसरून जात असेन. मग रोज संध्याकाळी मी माझ्या बोटांचा वास घेऊन बघायचे, तुपाचा, गुळाचा येतो का. एकदा आल्यासारखा वाटला." तिने बोटं मिटून घेतली. "मग मी कबूल केलं. मी म्हटलं, वेड्या बाईजवळ पोर नको ठेवायला. जाऊ दे त्यांना."

मला माझी लाज वाटली, इतकी की मालक गेले तेव्हाही मी अशी मोडले नव्हते. मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले.

"रडू नकोस," इंदू म्हणाली. आवाज कडक होता. "मला आधी सांग. मोटर नक्की सांगते ना? चुकत नाही?"

"नाही चुकत. जुनेदने दाखवलं. मी स्वतः मूठ भरली त्याच्यासमोर."

"म्हणजे मी नाही दिलं."

"नाही दिलंस, इंदे. कधीच नाही."

"आणि तू विचारलंस मला. पाचवीपासून ओळखतेस, आणि चहा पाजून विचारलंस."

मी मान खाली घालून बसले. मैथिलीने हेमंतला फोन लावला आणि म्हणाली, "टेम्पो नको म्हणून सांगा. घरी या, मग बोलते." मग ती उठून कॉटवर इंदूच्या शेजारी जाऊन बसली.

इंदू समोर भिंतीकडे बघत होती. ती बोलायला लागली, हळूहळू, शाळेत पाठ म्हणून दाखवावं तशी. "आज सकाळी मी सहाला उठले. तुझ्याआधी."

"हो, आई."

"दूध तापवलं. उतू गेलं नाही."

"नाही गेलं."

"शर्वीला आंघोळ घातली. भाकरी दिली, दही दिलं. तिने अर्धीच खाल्ली, मी रागावले. मग वेण्या घातल्या. दोन." ती थांबली. तिचे ओठ नुसते हलत होते. "रिबीन... लाल होती. लाल का निळी?"

मैथिलीने तिचा हात हातात घेतला. "लालच, आई. तुम्हाला बरोबर आठवतंय."